जिम्नॅस्टिक्सच्या सरावात बॅले किंवा नृत्य : वेगळा क्लास लावावा का?

मृदुला_पुणे:
नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची आहे, तीन वर्षं आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स करतेय. आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी साडेपाच ते आठ. व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी) आणि फ्लोअरवरच्या उड्या छान होतात, भीती म्हणून नाहीच तिला. पण गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत बीमवर, म्हणजे त्या अरुंद तुळईवर, अगदीच मार खाल्ला. पडली नाही हं, एकदाही नाही. तरी तिच्यापेक्षा दोनदा पडलेल्या मुलीला जवळपास तिच्याइतकेच गुण. मी शेजारीच बसले होते म्हणून नीट दिसलं, वळण घ्यायची वेळ आली की हिची टाच उचलली जायची, पायाची बोटं बीमला आवळून धरायची, हात पंख्यासारखे हलायचे आणि अर्ध्या वळणात टाच धप्पकन खाली. कोच म्हणाले पायात नृत्य नाही तिच्या, बॅले लावा. आता पुण्यात बॅलेचा क्लास घरापासून चौदा किलोमीटरवर, शनिवार-रविवार दीड दीड तास, महिन्याला साडेतीन हजार. म्हणजे सुट्टीचा एकही दिवस उरत नाही. खरंच एवढा फरक पडतो का? की कथक वगैरे घराजवळ आहे ते लावलं तरी चालेल? ज्यांच्या मुलांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

रानवारा:
नऊ वर्षांच्या पोरीला आठवड्यात साडेबारा तास सराव आणि वर अजून तीन? झोपते कधी ती? खेळू द्या की थोडं.

तात्या_ठाणे:
रानवारा, तिचं खेळणंच ते आहे हो. पण मुद्दा बरोबर आहे, तासांचा विचार करायलाच हवा. आमच्याकडे मुलगी रिदमिकला आहे, तिथे बॅले हा प्रश्नच नसतो, रोजच्या सरावाची सुरुवातच बॅलेच्या बारने, म्हणजे आडवा दांडा धरून करायच्या व्यायामाने होते. पाऊण तास बार, मग लवचिकतेचे व्यायाम आणि मग कुठे हातात हूप नाहीतर रिबन येते. ठाण्यात रिदमिकचं वातावरण चांगलं आहे, संयुक्ता काळेने खेलो इंडियात सुवर्णपदकं घेतली तेव्हापासून तर हॉलमध्ये जागा पुरत नाही.

बीमवरची:
मृदुला, मी स्वतः खेळलेय, राज्य पातळीपर्यंत. आमच्या वेळी बॅले हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. आमचे सर फक्त ओरडायचे "चवडा ताण! चवडा ताण!" आणि आम्ही ताणायचो, म्हणजे उडीत ताणायचो, उतरलो की सैल. चवडा नेमका कसा ताणायचा, घोट्यातून की बोटांतून, हे कुणी सांगितलंच नाही. मी सोळाव्या वर्षी सोडलं. पुढे नोकरीनिमित्त मुंबईत असताना हौस म्हणून मोठ्यांच्या बॅलेच्या क्लासला गेले. पहिल्या दिवशी वीस मिनिटं एकच गोष्ट. बारला हात टेकवून उभं राहायचं आणि एक पाय जमिनीवरून पुढे सरकवायचा. आधी टाच सुटते, मग तळवा, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं जमिनीला. परत येताना त्याच क्रमाने उलटं. बाई म्हणाल्या, फरशीवर पीठ सांडलंय आणि ते तुम्ही तळव्याने पुसताय असं समजा. तोंद्यू म्हणतात त्याला. विसाव्या मिनिटाला माझ्या पायाच्या कमानीत गोळे आले. बारा वर्षं जिम्नॅस्टिक्स केलेल्या पायाला! तेव्हा कळलं की तो पाय कधी शिकलाच नव्हता. मला रडू आलं खरंच, की हे कुणीतरी मला दहाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

मृदुला_पुणे:
बापरे बीमवरची, अंगावर काटा आला वाचून. अगदी हेच, "चवडा ताण" मी रोज ऐकते हॉलबाहेर बसून.

पंचमावशी:
मी जिल्हा आणि राज्य पातळीवर पंच म्हणून बसते, त्यामुळे गुणांचं गणित सांगते, म्हणजे मुलीवर उगाच कुणी चिडणार नाही.

बीम १० सेंटीमीटर रुंद, ५ मीटर लांब, सव्वा मीटर उंच. ९० सेकंदांचा सेट. अंमलबजावणीचे, म्हणजे सगळं किती नीट केलं त्याचे गुण १० पासून खाली येत जातात. पडलं की पूर्ण १ जातो, ते सगळ्यांना दिसतं. पण चवडा सैल, ०.१. गुडघा किंचित वाकला, ०.१. जास्त वाकला तर ०.३. लीपमध्ये, म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर झेप घेताना, पाय १८० अंशांत उघडायला हवेत, २० अंशांपर्यंत कमी पडले तर ०.१, त्याहून कमी तर ०.३. शिवाय तोल गेला, हात हलले, लय तुटली, ते वेगळं. हे सगळं दर घटकाला. दहा ठिकाणी चवडा सैल राहिला की एकदा पडल्याइतकेच गुण गेले, आणि प्रेक्षकांना वाटतं अरे ही तर पडलीच नाही.

दुसरं म्हणजे बीम आणि फ्लोअरवर नृत्याचे घटक सक्तीचे आहेत. मोठ्या पातळीवर जे आठ अवघड घटक मोजले जातात त्यात निदान तीन नृत्याचे लागतात, म्हणजे लीप, जंप, टर्न. ते चांगले नसतील तर कितीही पलट्या मारा, गुण तिथेच अडतात. लहान वयोगटात नियम सौम्य केलेले असतात पण दिशा तीच. कोच म्हणतायत त्यात तथ्य आहे.

कोल्हापुरी_ठसका:
पंचमावशी एक शंका. मग आपल्या दीपा कर्माकरला रिओ ऑलिंपिकमध्ये ०.१५ ने पदक हुकलं ते पण असंच का?

पंचमावशी:
नाही, ते व्हॉल्ट होतं. २०१६ ला तिचे १५.०६६ आणि तिसऱ्या आलेल्या स्विस मुलीचे १५.२१६. व्हॉल्टमध्ये नृत्य नसतं. पण तुमच्या प्रश्नातून एक गोष्ट मात्र निघते. आपल्या मुलींची मोठी पदकं बघा, दीपाचं २०१४ चं ग्लासगो राष्ट्रकुलचं कांस्य, अरुणा रेड्डीचं २०१८ चं मेलबर्न विश्वचषकाचं, प्रणती नायकची आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतली, सगळी व्हॉल्टवरची. धावा, उडा, उतरा. ताकद आणि धाडस आपल्याकडे आहे. बीम आणि फ्लोअरवर आपण मागे पडतो, आणि माझं अनुभवाचं मत असं की त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपल्या हॉलमध्ये नृत्य शिकवणारं माणूसच नसतं. शेवटच्या पंधरा दिवसांत कुणीतरी येऊन हात कसे फिरवायचे ते बसवून जातं. त्याला नृत्य म्हणत नाहीत.

घुंगरू:
मी कथक शिकवते, चोवीस वर्षं झाली. कथक चालेल का असं विचारलंय म्हणून लिहिते. माझ्याकडे जिम्नॅस्टिक्सच्या चार मुली येऊन गेल्या आहेत.

माझी विद्या आहे म्हणून कौतुक करणार नाही, जे आहे ते सांगते. कथकचे चक्कर टाचेवर घेतात. बीमवरचं वळण टाच उचलून, चवड्यावर. म्हणजे मृदुलाताईंच्या मुलीची जी नेमकी अडचण आहे तिथे कथक तिला उलटी सवय लावेल. तत्कारात, म्हणजे पायांनी ताल धरताना, अख्खा तळवा जमिनीवर आपटतो, तिथेही चवडा ताणायचा प्रश्न येत नाही. भरतनाट्यमची अरमंडी गुडघे आणि मांड्या मजबूत करते, बॅलेच्या प्लिएशी (गुडघे वाकवून खाली जाण्याशी) तिचं नातं जवळचं, पण तिथेही पाऊल बहुतेक सपाट.

मात्र एक गोष्ट आमच्याकडे आहे जी या मुलींना हवीच असते. नजर. चक्कर घेताना नजर समोरच्या एका ठिपक्यावर, मान सगळ्यात शेवटी सुटते आणि सगळ्यात आधी परत येते. बॅलेतही हेच करतात. आणि लय. संगीत सुरू आहे आणि मुलगी त्याच्या बाजूने आपलं काहीतरी वेगळंच करतेय हे फ्लोअरवर किती वेळा दिसतं! तिला आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळू दे. मी त्या चौघींना पहिले दोन महिने पायच उचलू दिले नाहीत, फक्त हाताने ताल आणि तोंडाने बोल.

साधा_मावळा:
घुंगरूताई मस्त लिहिलंत. पण मला हे पटत नाही की पाय शिकायला बॅलेच लागतं. मी मल्लखांबवाला. बाळंभट्टदादा देवधरांपासून चालत आलेली परंपरा आहे आपली, आमच्याकडे पण चवडे ताणलेलेच लागतात, गुडघे सरळच लागतात, आणि आमची पोरं बॅले न शिकता करतात. साडेतीन हजार रुपये आणि चौदा किलोमीटर कशासाठी?

बीमवरची:
मावळा, मल्लखांबाबद्दल आदरच आहे. पण मल्लखांबावर पाय हवेत असतो नाहीतर खांबाला पकड घेतलेला असतो. बीमवर त्याच पायावर उभं राहायचं, त्याच पायावर फिरायचं आणि त्याच पायाने उडायचं. तोल धरणारा पाय आणि ताणलेला पाय यात फरक आहे. चवडा ताणणं सगळे शिकवतात, चवड्यावर *उभं राहणं* फक्त नृत्यवाले शिकवतात.

साधा_मावळा:
हा मुद्दा मान्य. उभं राहण्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

निशिगंध_फिजिओ:
जरा उशिरा येतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी जिम्नॅस्टिक्स नाहीतर नृत्यवाली मुलं असतात म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगते.

उड्यांवरून खाली येताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घोटा, गुडघा, कंबर यांवर येतो. प्लिए म्हणजे काय तर गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, पाठ ताठ ठेवून, हळूहळू खाली जाणं आणि वर येणं. दिवसाला चाळीस वेळा हे नीट करणारी मुलगी उतरताना गुडघे आत पाडत नाही. म्हणून मी बॅलेच्या बाजूने आहे. फक्त दिसण्यासाठी नाही, सांध्यांसाठी.

पण! बॅलेत पावलं बाहेरच्या बाजूला वळवतात, ते वळण खुब्यातून यायला हवं. मुलांना ते जमत नाही तेव्हा ती गुडघा पिळून पावलं वळवतात आणि तिथे दुखणं सुरू होतं. जिम्नॅस्टिक्सला तेवढ्या वळणाची गरजही नाही, तिथे उतरताना पावलं समोर. म्हणून शिकवणाऱ्याला सांगा की ही मुलगी जिम्नॅस्ट आहे. मागे पाय उचलताना कंबर मोडून उचलत नाहीये ना ते बघा, या मुलांच्या कमरेच्या मणक्यावर मागे वाकण्याचा ताण आधीच भरपूर असतो. टाचेच्या मागे दुखतंय असं नऊ ते बारा वयातली मुलगी म्हणाली तर "सवय होईल" म्हणू नका, वाढीच्या जागी ताण आलेला असतो, काही दिवस उड्या कमी कराव्या लागतात. आणि बोटांच्या टोकावर उभं राहायचे ते कडक बूट, पॉइंट शूज, जिम्नॅस्टिक्ससाठी अजिबात लागत नाहीत. कुणी आग्रह केला तर सरळ नाही म्हणा.

तासांचं म्हणाल तर एक ढोबळ नियम सांगतात की आठवड्यात संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. नऊ वर्षं, नऊ तास. तुमचे आधीच साडेबारा आहेत. रानवारा पहिल्याच प्रतिसादात जे म्हणाले ते हसण्यावारी नेऊ नका. बॅले लावायचं तर साडेबारातलेच तास काढून लावा, वर चढवू नका.

रानवारा:
धन्यवाद निशिगंध. मला वाटलं मीच एकटा मागासलेला.

गोडबोले_काकू:
आमच्या नातवंडाला रिदमिक लावल्यापासून घरात कुणी साधं उभंच राहत नाही. फ्रिज उघडताना एक पाय गुडघ्याला लावून उभी, दात घासताना टाचा वर. मी पण आता भाजी चिरताना टाचा वर करते, गुडघेदुखी कमी वाटते बाई! 😊

कोल्हापुरी_ठसका:
काकू 🙏🙏 तुमचा व्हिडिओ टाका.

सातासमुद्रापार:
इथे न्यू जर्सीत आमच्या मुलीच्या जिममध्ये डान्स कोच नोकरीवरच असतात. आठवड्यात चार दिवस सराव, त्यातल्या दोन दिवशी पहिला अर्धा तास बॅले. वेगळी फी नाही, वेगळा दिवस नाही. आणि शिकवणाऱ्या बाई स्वतः जुन्या जिम्नॅस्ट, त्यामुळे बारवर जे शिकवतात ते लगेच जमिनीवर आखलेल्या पट्टीवर करून घेतात, मग बुटक्या बीमवर, मग उंच बीमवर. मुलीला कळतं की हे कशासाठी चाललंय. आधी दोन वर्षं मी तिला बाहेर एका बॅलेच्या शाळेत घालून बघितलं होतं, तिथे वर्षभर स्नेहसंमेलनाच्या नाचाची तयारी, ती कंटाळली आणि बीमवर फरक शून्य. तेव्हा बॅले की कथक यापेक्षा सरावाच्या *आत* की बाहेर हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे असं माझं मत.

तात्या_ठाणे:
+१. सोव्हिएत संघाने हेच केलं होतं ना. लारिसा लातिनिना लहानपणी खेर्सनमध्ये आधी बॅलेच शिकत होती, तिथून जिम्नॅस्टिक्सकडे आली. १८ ऑलिंपिक पदकं, २०१२ ला जलतरणपटू फेल्प्सने मोडेपर्यंत कुणाला तो आकडा गाठता आला नाही. पुढे रोमानियाचे प्रशिक्षक कारोली यांच्या संघातही नृत्य बसवणारा माणूस, गेझा पोझार, कायम सोबत असायचा. हॉलच्या आतलं माणूस.

एकपाय:
मुलांचं काय? माझा मुलगा अकरा वर्षांचा, त्याच्या फ्लोअरला संगीतच नसतं, तर त्याला बॅलेची काय गरज असं त्याचे कोच म्हणतात. आणि घरात आजोबा म्हणतात पोराला नाचायला पाठवता का.

पंचमावशी:
संगीत नसलं तरी चवडा आणि गुडघा मुलांचाही बघतात. पॉमेल हॉर्सवर (हातांवर तोल धरून पाय फिरवायचं ते साधन) तर पाय सतत डोळ्यांसमोर फिरत असतात, सैल असले की पहिल्या फेरीतच दिसतं.

बीमवरची:
आणि आजोबांना मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाहबद्दल सांगा. दोघं आपल्या मुंबई-नवी मुंबईकडचे, टॅक्सीवाल्याचा आणि वेल्डरचा मुलगा. दोघंही आधी उलट्या उड्या मारणारे होते, मग येहूदा माओर सरांकडे बॅले शिकले. अमिरुद्दीन तर २०१७ ला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. म्हणजे उड्यांकडून बॅलेकडे पण रस्ता जातो.

एकपाय:
हे माहीतच नव्हतं. आज रात्री जेवताना सांगतो बाबांना.

कोल्हापुरी_ठसका:
थोडं अवांतर. फ्लोअरच्या संगीताला हलगी-लेझीम का वापरत नाही कोणी? कसला भारी वाटेल.

पंचमावशी:
वापरा की! आर्टिस्टिकमध्ये गाण्याचे शब्द चालत नाहीत, वाद्यं चालतात. हलगीला तर शब्द लागतच नाहीत. फक्त मुलीच्या अंगात तो ठेका उतरलेला हवा, नाहीतर हलगी कडाडतेय आणि मुलगी कोपऱ्यात उभी राहून पुढच्या धावेचा श्वास घेतेय असं दिसतं.

घुंगरू:
पंचमावशी, ठेका उतरवायचं काम माझ्याकडे द्या. पैसे नकोत, संगीत हलगीचं पाहिजे.

सह्याद्रीवेडी:
संभाजीनगरकडून. आमच्याकडे जिम्नॅस्टिक्स जुनं आणि चांगलं आहे, साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, पण बॅलेचा क्लास शोधून सापडत नाही. अशा गावांतल्या पालकांनी काय करायचं ते पण सांगा कोणीतरी. सगळं पुण्या-मुंबईला धरून चाललंय.

बीमवरची:
सह्याद्रीवेडी, आईवडिलांनी घरी करून घेता येईल असं थोडं सांगते, मी माझ्या भाचीकडून करून घेते. गॅलरीचा कठडा धरायचा, एका हाताने, हलकाच, लोंबकळायचं नाही. प्लिए सोळा. तोंद्यू पुढे, बाजूला, मागे, दोन्ही पायांनी आठ आठ. मग दोन्ही टाचा उचलून वर, चार मोजेपर्यंत थांबायचं, चार मोजत खाली, *खाली येणं हळू*, तेच महत्त्वाचं. मग एका पायावर. शेवटी कठडा सोडून एका पायाच्या चवड्यावर, दुसऱ्या पायाचं बोट गुडघ्याला, दहा आकडे. वीस मिनिटं. अनवाणी, गादीवर नाही तर फरशीवर. आरसा असेल तर उत्तम, नसेल तर संध्याकाळी खिडकीच्या काचेत दिसतं.

निशिगंध_फिजिओ:
उत्तम. फक्त वरच्या सगळ्यात दुखलं तर थांबायचं. गोळे येणं वेगळं आणि टोचणं वेगळं, मुलांना हा फरक शब्दांत सांगायला शिकवा.

मृदुला_पुणे:
चार महिन्यांनी परत येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार, धागा मी कोचना प्रिंट काढून दिला होता खरं सांगते.

बाहेरचा क्लास नाही लावला. आम्ही सहा पालकांनी मिळून बॅले शिकलेल्या एका मुलीला हॉलवरच बोलावलं, मंगळवार आणि शुक्रवार, सराव सुरू व्हायच्या वेळी चाळीस मिनिटं. डोई सहाशे रुपये महिना. शिवाय बुधवारचा सराव बंद केला, त्यावरून कोच सुरुवातीला नाराज होते, मी निशिगंध यांचं नऊ तासांचं सांगितलं तेव्हा म्हणाले बघू दोन महिने, आता तेच म्हणतात मुली गुरुवारी ताज्या असतात. बरोबर नऊ नाही झाले तास, दहा आहेत. घुंगरूताईंचं ऐकून घरी टाळीवर सम पकडायचा खेळ सुरू केलाय, बाबा बोल म्हणतात आणि ती टाळी देते.

पहिले सहा आठवडे काही म्हणजे काही दिसलं नाही. उलट बीमवर जास्त डगमगायला लागली, कारण बोटं आवळून धरायची सवय सोडायला लावली होती. रडली एकदा, जुनंच बरं होतं म्हणाली. त्या दिवशी मलाही वाटलं चुकलं की काय. मग मागच्या शुक्रवारी मी नेहमीसारखी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडं होतं. ती बीमवर गेली, टाच वर, नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर, आणि पूर्ण वळण. टाच वरच. मग खाली, हळू. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोच पलीकडे दुसऱ्या मुलीला धरून उभे होते, त्यांनी बघितलंही नाही. तिने माझ्याकडे बघितलं फक्त.

स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे.

बीमवरची:
मृदुला, मी ऑफिसात बसून वाचतेय आणि डोळे भरून आलेत. तिला माझ्याकडून सांग, खाली येणं हळू.

साधा_मावळा:
सहाशे रुपयांत सहा पालक, हे भारी जमवलंत. आमच्या आखाड्यातल्या मुलांसाठी पण असं कुणी येईल का? मी गंभीरपणे विचारतोय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सह्याद्रीवेडी:
आमच्या गॅलरीचा कठडा मुलीच्या छातीपर्यंत येतो, कमरेपर्यंत हवा ना तो? पाट ठेवून उभी करू का?

बीमवरची:
पाट नको, पाटावरून घसरेल. खुर्चीची पाठ धर म्हणावं, आणि खुर्चीवर तू बस, म्हणजे हलणार नाही.